एकोणचाळीस किलो

तीन वर्षं बोलोताचं वजन एकच होतं.
लसीच्या पिवळ्या पुस्तकात एकाखाली एक
एकोणचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस.
मी शेजारणीला दाखवायचे,
बघ, काटासुद्धा हलत नाही,
तब्येत म्हणावी तर ही.

आत दोघं राहत होते.
एक वाळूमाशीने आणलेला.
ती माशी भुणभुणतसुद्धा नाही,
संध्याकाळी कॉर्कच्या ढिगामागून उठते,
कुत्रीच्या नाकाच्या शेंड्यावर घटकाभर टेकते,
झालं.
दुसरं दुखणं घरचंच. गळ्यातली एवढीशी ग्रंथी,
तिने कामावर येणंच सोडलं होतं.
तो मांस ओढून नेत होता,
ही चरबी आणून भरत होती,
आणि दोघांचीही लाच खाल्लेल्या
नाक्यावरच्या कारकुनासारखा
काटा मधोमध गप्प.

असं साटंलोटं.

केस गेले, म्हटलं वय झालं.
नखं वाढून वाकली, फरशीवर टकटक वाजू लागली.
जूनमध्ये, आलेंतेजूची माती तापून
कोंबड्या एक पाय उचलून उभ्या राहतात तेव्हा,
बोलोता चुलीला पाठ लावून कुडकुडायची.
हे मात्र वयात बसेना.

नेल्सोचा लक्झेंबर्गहून फोन आला.
"आई, अकरा वर्षांची झाली ती आता."
पुढचं तो बोलला नाही.
तिकडे ही माशी नसते,
आणि वाक्यं अशी अर्धवट सोडलेली चालतात.

एव्होराच्या डॉक्टर ग्रासिंदा म्हणाल्या,
आधी परजीवीचं बघू.
ग्रंथीचा आकडा खाली आहे खरा,
पण आजारी अंग आपणहून दिवा बारीक करतं,
तेल संपलंय असं इतक्यात म्हणू नका.
महिनाभर सुया. मग पांढऱ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ.
मी चीजमध्ये लपवायचे, ती चीज खाऊन
गोळी माझ्या चपलेत ठेवायची.

पाचव्या महिन्यात बोलोता सुटली.
त्रेचाळीस. पंचेचाळीस.
मी हरखले, अंग धरलं म्हटलं पोरीने!
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
एक साथीदार उठून गेला
तेव्हा दुसरा उघडा पडला होता.
"आता तपासू," म्हणाल्या, "आता ती खोटं बोलणार नाही."
आणि तो पहिला?
तो जात नाही, झोपतो.
त्याला उठवायचं नाही, एवढंच आपल्या हातात.

दुकानात तेओदोसियूने चिठ्ठी दोनदा वाचली.
गोळी माझीच, बारा वर्षं मी घेते तीच,
फक्त तिची मात्रा माझ्या आठपट.
"देओलिंदा, ही नक्की कुत्र्याची?"
नक्की.
हिचा गळाही माझ्यासारखाच आळशी,
पण भूक मोठी.

तेव्हापासून सहा वाजता दोघी गोळी गिळतो
आणि अर्धा तास उपाशी
पावाच्या टोपलीकडे बघत बसतो.
तिला घड्याळ कळत नाही,
तरी माझ्या आधी तीच उठते.

माझा कुस्तोदियू झाडांची साल काढायचा.
कुऱ्हाडीचा घाव सालीपुरता, आतल्या लाकडाला ओरखडा नाही.
उघड्या लालसर खोडावर
पांढऱ्या रंगाने वर्षाचा आकडा घालायचा.
नऊ वर्षं मग त्या झाडाला कोणी हात लावायचा नाही.
परवा बोलोताच्या उघड्या कुशीवर लव दिसली,
ओकच्या बोंडावर असते तशी, तिच्या नावाची.
मी बोट ओलं करून तिथे यंदाचा आकडा काढला.
नऊ वर्षांचा हिशोब केला नाही.
तिने तो चाटून टाकला.

काल काटा पुन्हा एकोणचाळीसवर थांबला.
डॉक्टर हसल्या.
मी त्या आकड्याकडे बघत राहिले,
ओळखीच्या चोराने रस्त्यात नमस्कार केला
तर बघावं तसं.